वकिलाचे अभय : वडगाव-मावळ ते लोणावळा

'वकील' हा शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आला, मूळ अरबी. ज्याच्यावर काम सोपविले, ज्याच्या भरवशावर आपली बाजू ठेवली तो वकील, एवढाच त्याचा मूलार्थ. आज हा शब्द उच्चारताच न्यायालय आणि काळा डगला डोळ्यांपुढे येतो. परंतु त्याचा भाऊबंद असलेला 'वकिलात' हा शब्द अद्याप परराष्ट्राच्या दूतकचेरीसाठी वापरात आहे, आणि 'वकिली' मात्र कोर्टाच्या व्यवसायास चिकटून राहिली आहे. एकाच मुळापासून निघालेल्या या दोन शब्दांनी जुना व नवा अर्थ आपसांत वाटून घेतला, असे म्हणावयास हरकत नाही. अर्थाची ही वाटणी होत असताना जुन्या अर्थाबरोबर चालत आलेल्या अभयाचे काय झाले, हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. दुसऱ्याच्या हक्कासाठी बोलणाऱ्या माणसांवर महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत जे प्राणघातक हल्ले झाले, त्यांतील एक २०१० साली मावळात, तळेगाव दाभाडे येथे झाला. जुन्या अर्थाच्या वकिलाचे अभय कसे पाळले जाई, याचे एक ठळक उदाहरणही त्याच मावळात, तळेगावाशेजारच्या वडगावी सापडते. या दोन घटनांच्या दरम्यान काय बदलले, ते येथे पाहावयाचे आहे.

वडगावची हकीकत इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. तीतील एक दुय्यम पात्र मात्र सहसा दुर्लक्षित राहते. रघुनाथरावास पेशवाईच्या गादीवर बसविण्याच्या हेतूने मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढून खंडाळ्यास आली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. ज्याला मराठ्यांनी कौतुकाने 'इष्टुर फाकडा' म्हटले, तोच हा. फौज तळेगावपर्यंत आली, ते गाव रिकामे व जळालेले पाहून थबकली, आणि ११ जानेवारीच्या रात्री गुपचूप माघारी फिरली. मराठ्यांनी तिला वडगावाजवळ गाठून कोंडले. लढाई चालविणे अशक्य झाले, तेव्हा इंग्रजांच्या वतीने विल्यम फार्मर नावाचा मनुष्य मराठ्यांच्या छावणीत बोलणे करावयास गेला. ज्या फौजेने गेले दोन दिवस आपल्या माणसांचा पाठलाग चालविला होता, तिच्याच तळात तो शिरला, नाना फडणीस व महादजी शिंदे यांच्या अटी ऐकल्या आणि सुखरूप परत आला. कराराअन्वये इंग्रजांनी साष्टीसह १७७३ पासून मिळविलेला मुलूख परत करावयाचा होता, रघुनाथरावास हवाली करावयाचे होते. कराराची हमी म्हणून फार्मर व लेफ्टनंट स्टुअर्ट हे दोघे महादजीकडे ओलीस राहिले. (हा स्टुअर्ट निराळा, नामसाम्यामुळे कार्ल्याच्या स्टुअर्टशी त्याची गफलत होते.)

पुढे जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. मुंबई आणि कलकत्ता येथील इंग्रज सरकारांनी करार अमान्य केला. ओलीस ज्या वचनासाठी ठेवले होते ते वचन मोडले, म्हणजे त्या काळच्या रीतीप्रमाणे ओलिसांवर राग काढण्यास निमित्त मिळाले. महादजीने तसे केले नाही. १७८० मध्ये, लढाई पुन्हा पेटली असता, त्याने त्या दोघांना सोडून दिले. यात महादजीचा राजकीय हिशेब नव्हता असे नाही. इंग्रजांशी स्वतंत्र बोलणे चालू राहावे अशी त्याची इच्छा होतीच. तथापि हिशेब करणाऱ्यालाही अशा माणसाला हात न लावणे फायद्याचे वाटावे, यातच त्या रीतीचे बळ दिसून येते.

दूत अवध्य आहे, हा विचार भारतीय नीतिग्रंथांत जुना आहे. कौटिल्याने तो स्पष्टपणे मांडला असून त्याचे कारणही दिले आहे. दूत बोलतो ते शब्द त्याचे नसतात, दुसऱ्याचे असतात; म्हणून तो हीन जातीचा असला तरी त्यास मारू नये. रामायणात हनुमंतासंबंधी बिभीषणाने रावणापुढे केलेला युक्तिवाद हाच. (अवध्य म्हणजे अदंड्य नव्हे, ही पळवाटही तेथेच आहे; शेपटी पेटविण्यास लंकेच्या नीतिशास्त्राची हरकत नव्हती.) मराठी राजकारणात हा विचार निव्वळ ग्रंथस्थ राहिला नाही. शत्रूच्या गोटात जाणाऱ्यास आधी कौल मिळे, अभयपत्र मिळे, प्रसंगी बेलभंडार पाठवून शपथ वाहिली जाई.

ही रीत मोडली जात नसे, असे मात्र समजू नये. १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने त्यांचे वकील रघुनाथ बल्लाळ कोरडे आणि त्र्यंबक सोनदेव डबीर यांना पकडून त्यांचे हाल केले. धन्याचा राग वकिलावर निघाला. पुढल्या वर्षी त्यांची सुटका झाली. फार्मर परत आला आणि कोरडे-डबीरांना कैद भोगावी लागली, या दोन प्रसंगांतील फरकाचा विचार केला, तर जुन्या अभयाचे दोन आधार दिसतात. एक, वकिलाच्या मागे असलेल्या धन्याचे सामर्थ्य; आज याचा वकील आपण मारला, तर उद्या आपला वकील तिकडे जाणारच आहे, ही परस्परांची गरज. दुसरा, शब्द आणि ते पोचविणारा मनुष्य यांत केलेला भेद. पहिला आधार बळाचा, दुसरा विचाराचा. बळ असेल तेथे विचार सहसा पाळला जाई. बळ नाहीसे झाले की विचाराची कसोटी लागे.

न्यायाच्या क्षेत्रात या प्रकारचा वकील मराठी अमलात फारसा नव्हता. बारा मावळांतील वतनाचे तंटे गोतसभेपुढे जात. वादी-प्रतिवादी स्वतः उभे राहून तकरीर करीत, राजीनामा देत, जामीन देत, आणि निवाड्याचा महजर होई. पेशेवाईक वकील आला तो इंग्रजी अदालतीबरोबर. १८२७ च्या एल्फिन्स्टन-संहितेने मुंबई इलाख्याच्या अदालतींची जी घडण केली, तीत सनदी वकिलास स्थान मिळाले. येथे शब्दाच्या इतिहासात एक वळण आहे. जुना वकील एकच कागद घेऊन जाई, धन्याने दिलेला. नव्या वकिलाजवळ दोन कागद आले : अशिलाने दिलेले वकीलपत्र आणि सत्तेने दिलेली सनद. न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार त्याला सनदेने मिळतो, बोलावयाचे काय ते वकीलपत्राने ठरते. अशील आणि सत्ता यांचेच भांडण असेल, तेव्हा हे दोन कागद एकमेकांविरुद्ध ओढू लागतात.

पुण्यात ही ओढाताण प्रथम तीव्रतेने दिसली ती १८७९ साली. तिची पार्श्वभूमी थोडी मागे जाऊन पाहावी लागते. १८७० च्या एप्रिलात स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेचा एक नियम आज विचित्र वाटण्याजोगा आहे : सभेचा सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. आरंभीचे पंचाण्णव सभासद मिळून सुमारे सहा हजार लोकांचे मुखत्यार होते. निवडणुकीचा कायदा नसताना प्रातिनिधिकत्व सिद्ध कसे करावे, या पेचातून संस्थापकांनी वकीलपत्राचा मार्ग काढला. सभेचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, व्यवसायाने वकील होते. तेव्हा ही युक्ती त्यांना सुचावी यात नवल नाही. 'वकील' शब्दातील जुना अर्थ, दुसऱ्याने पाठविलेला मनुष्य, या नियमात पुन्हा जिवंत झाला. मात्र आता पाठविणारा राजा नव्हता. पन्नास सह्या करणारे सामान्य रयत होते.

१८७९ च्या जुलैत वासुदेव बळवंत फडके पकडले गेले आणि त्यांच्यावर पुण्यात खटला उभा राहिला. त्या वर्षीच्या मे महिन्यात बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या होत्या. पुण्यातील सुशिक्षितांवर सरकारची संशयी नजर होती. न्यायमूर्ती रानडे यांची धुळ्यास झालेली बदली याच संशयाचे फळ मानली जाते. अशा हवेत फडक्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे संशय आपल्या दाराशी बोलावून आणणे होते. सार्वजनिक काका त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि महादेव चिमणाजी आपटे यांनीही बचावाचे काम केले. आपटे यांचे नाव पुढे आनंदाश्रम या संस्थेमुळे संस्कृत अभ्यासकांच्या तोंडी राहिले. या खटल्यातील त्यांच्या कामाचा उल्लेख त्या मानाने कमी होतो. फडके यांना जन्मठेप झाली व १८८३ साली ते एडनच्या तुरुंगात वारले. खटला वाचविता आला नाही, परंतु ज्याला सरकार दरोडेखोर म्हणत होते त्याचीही बाजू भर न्यायालयात मांडली गेली. आपल्याकडील बचावाच्या वकिलीची परंपरा सांगताना हा दाखला अग्रभागी ठेवावयास हवा.

सनदेचा लगाम सरकारने नंतरच्या काळात अनेकदा आवळला. १९०९ साली ग्रेज इनने विनायक दामोदर सावरकर यांना बॅरिस्टरीची दीक्षा नाकारली. १९१९ साली अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशाने सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सही करणाऱ्या वकिलांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाकडे लिहिले. सनदा गेल्या नाहीत, ताकिदीवर भागले. १९२२ च्या शिक्षेनंतर इनर टेंपलने गांधींचे नाव पटावरून काढले. या प्रसंगांत रक्त सांडले नाही, म्हणून ते गौण ठरत नाहीत. पण ते येथे ओझरतेच सांगितलेले बरे, कारण मावळातील प्रश्न निराळ्या जातीचा होता. तेथे भांडण जमिनीचे होते, आणि जमिनीच्या भांडणात न्यायालयाची पायरी गाठण्यापूर्वीच पुष्कळ काही होऊन जाते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मावळच्या नद्यांकडे मुंबईच्या गिरण्यांचे लक्ष गेले. १९१० साली टाटांची जलविद्युत् कंपनी निघाली. लोणावळा, वळवण, शिरवते येथे तलाव झाले व १९१५ साली खोपोलीचे वीजगृह चालू झाले. पाठोपाठ आंध्र नदीवर ठोकळवाडीचे धरण आले. नंतर पाळी आली शेजारच्या मुळशी पेट्याची. नीला-मुळेच्या संगमाखाली बांधावयाच्या धरणाने पन्नासाहून अधिक गावे आणि सुमारे अकरा हजार माणसे उठणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, तेथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव इत्यादिकांनी तो चालविला. 'जान या जमीन' ही त्याची घोषणा. पुण्याचे पुढारी, त्यांत वकीलही पुष्कळ, आरंभी त्यात पडले. परंतु पुण्याच्या सावकारांची तेथील जमिनींत गुंतवण होती, आणि भरपाईचा आकडा वाढताच लढ्याचा एक पाय ढिला झाला.

या लढ्यासंबंधीच्या लिखाणात एका कायदेशीर गोष्टीचा पुरेसा विचार झालेला आढळत नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात, मुळशीची नोटीस निघाली त्या वेळी, संपादनच होऊ नये अशी हरकत मांडण्याचा स्वतंत्र हक्क जमीनधारकाला नव्हता. तो हक्क देणारे कलम ५-अ १९२३ च्या दुरुस्तीने कायद्यात आले. म्हणजे सत्याग्रह सुरू झाला त्या साली मुळशीच्या शेतकऱ्याचा वकील न्यायालयात फार तर किमतीबद्दल बोलू शकत होता. जमीन द्यावयाचीच नाही, हे वाक्य उच्चारण्यास त्याला न्यायालयात जागाच नव्हती. ते वाक्य साहजिकच धरणाच्या पायापाशी, उघड्या माळावर उच्चारले गेले. आणि उच्चारणाऱ्यांना मारहाण, अटक व तुरुंग यांना तोंड द्यावे लागले. बापटांनी १९२४ च्या अखेरीस शस्त्राचा मार्ग घेतला व सात वर्षांची शिक्षा भोगली. सत्याग्रहाच्या नीतीच्या दृष्टीने त्यावर टीका झाली, ती रास्तच होती. तथापि शब्दाला जागा न ठेवणाऱ्या कायद्याचाही त्या टीकेत वाटा असावयास हवा होता.

स्वातंत्र्यानंतर मावळात पवना धरण झाले, कारखाने आले, आणि २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला. लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत जमिनीच्या किमती चढल्या; सातबारा उतारा, फेरफार नोंद, खरेदीखत या कागदांना पूर्वी कधी नव्हते इतके मोल आले. पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर शेतकरी जमले असता पोलिसांच्या गोळीबारात तिघे मरण पावले. मावळातील जमिनीच्या व पाण्याच्या प्रश्नात किती दारू भरलेली होती, याची त्यावरून कल्पना यावी.

त्या कागदांपर्यंत पोचण्याचा मार्ग मात्र याच काळात मोकळा झाला होता. महाराष्ट्राने २००२ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला. सरकारी दफ्तर वाचण्यास आता सनद लागत नव्हती. साधा अर्ज व अल्प शुल्क एवढ्यावर काम होई. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनी या अधिकाराचा उपयोग चिकाटीने केला. ते सनदी वकील नव्हते. मावळातील जमिनींचे कागद मिळवावे, ताडून पाहावे आणि विसंगती आढळली की तक्रार करावी, अशी त्यांची रीत होती. ऑक्टोबर २००९ मध्ये त्यांनी ताजे व पिंपळोली या भागांतील जमिनींचे व्यवहार बनावट कागदांच्या आधारे झाल्याची तक्रार लोणावळ्यास पोलिसांकडे नोंदविली. धमक्या येत असल्याने त्यांनी पोलीस संरक्षण मागितले होते. ते मिळाले नाही. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरावयास निघाले असता तळेगावात त्यांच्यावर धारदार शस्त्रांनी हल्ला झाला व त्यांचा अंत झाला. वयाची चाळिशी त्यांनी गाठली नव्हती.

मुंबई उच्च न्यायालयाने या खुनाची स्वतःहून दखल घेतली आणि माहिती मागणाऱ्यांच्या संरक्षणाचा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने पुढे आला. तपास त्याच वर्षी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. या विभागाने २०१४ मध्ये पुराव्याअभावी तपास बंद करण्याचा अहवाल दिला, पुढे तपास पुन्हा उघडला, काही अटका केल्या, आणि २०१८ मध्ये दुसऱ्यांदा तसाच अहवाल दिला. खून कोणी केला व कोणी करविला, हे न्यायालयात सिद्ध झाले नाही. म्हणून त्याविषयी अंदाज बांधणे इतिहासलेखनास शोभणारे नाही. संरक्षणाची मागणी आणि मृत्यू यांच्यामधल्या दिवसांत ती मागणी कोठे पडून होती, एवढे मात्र विचारता येते.

तुलनेसाठी त्याच सुमाराचे दुसरे एक प्रकरण पाहावे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यातील जिवंत पकडलेल्या आरोपीसाठी न्यायालयाने मार्च २००९ अखेरीस एका वकील महिलेची नेमणूक केली. लगेच वरळी येथील त्यांच्या घरावर जमावाने दगडफेक केली. त्यांना ताबडतोब कडेकोट पोलीस बंदोबस्त देण्यात आला. पुढे निराळ्या कारणाने ती नेमणूक रद्द झाली, पण संरक्षणाबाबत हयगय झाली नव्हती. एकीकडे एका दिवसात पहारा बसतो, दुसरीकडे मागूनही मिळत नाही. धोका उघड होता की गुप्त, हा फरक आहेच. परंतु त्याहून मोठा फरक पाठविणाऱ्याचा आहे. मुंबईच्या वकील बाईंना न्यायालयाने पाठविले होते. त्यांच्यावरील दगड न्यायालयावर पडत होता. तळेगावच्या अर्जदाराला कोणीही पाठविलेले नव्हते. सार्वजनिक सभेच्या सभासदाप्रमाणे पन्नास सह्यांचे मुखत्यारपत्रही त्याच्या खिशात नव्हते. जुन्या अभयाचा पहिला आधार, धन्याचे बळ, हा आजही तसाच लागू पडतो असे यावरून दिसते.

सनद असली तरी ती पुरते असे नाही. शेट्टी यांच्या खुनानंतर महिना लोटण्यापूर्वी, ११ फेब्रुवारी २०१० रोजी, अ‍ॅडव्होकेट शाहिद आझमी यांना कुर्ल्यातील त्यांच्या कचेरीत गोळ्या घालून मारण्यात आले. ते बत्तीस वर्षांचे होते. दहशतवादाच्या खटल्यांतील आरोपींची बाजू ते घेत, आणि ज्यांची बाजू घेतली त्यांच्याशीच त्यांना एकरूप मानले जाई. मुंबईवरील हल्ल्याच्या खटल्यात फहीम अन्सारी हा त्यांचा अशील होता. वकिलाच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी विशेष न्यायालयाने त्या अशिलास त्या आरोपांतून मुक्त केले. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो निर्णय कायम केला. म्हणजे आझमी जी बाजू मांडत होते ती न्यायालयाच्या तिन्ही पायऱ्यांवर टिकली. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कामगारांचे वकील गोविंद पानसरे यांच्यावर सकाळच्या फेरफटक्याहून परतताना गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते वारले. तळेगाव आणि कोल्हापूर, दोन्हीकडे मारेकऱ्यांनी सकाळच्या फिरण्याची वेळ साधली. ज्याच्या दिनक्रमात लपविण्यासारखे काही नसते, त्याला गाठणे सोपे जाते.

अशील आणि वकील एकच मानण्याची वृत्ती खुद्द वकीलमंडळींतही शिरली होती. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असे ठराव देशातील अनेक वकीलसंघांनी केले. सर्वोच्च न्यायालयाने ए. एस. मोहम्मद रफी यांच्या प्रकरणात ६ डिसेंबर २०१० रोजी असे ठराव बेकायदा ठरविले. सार्वजनिक काकांच्या पुण्यात हा निर्णय नवा वाटावयास नको होता.

याच बाबतीत आंतरराष्ट्रीय पातळीवर जे नियम झाले, त्यांचा येथे उल्लेख केला पाहिजे. १९७७ च्या जानेवारीत माद्रिद येथे कामगारांच्या वकिलांच्या कचेरीत झालेले हत्याकांड, १९८९ च्या फेब्रुवारीत बेलफास्ट येथे पॅट फिनुकेन या वकिलाचा झालेला खून, अशा घटनांनी हा प्रश्न जगापुढे आला होता. १९९० साली हवाना येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने वकिलांच्या कार्यासंबंधी मूलतत्त्वे स्वीकारली. त्यांतील सोळावे तत्त्व धाकदपटशा व अडथळे यांपासून मुक्तता मागते. सतरावे, काम केल्यामुळे वकिलाच्या जिवास धोका उत्पन्न झाला तर त्याचे रक्षण करण्याचे ओझे शासनावर टाकते. आणि अठरावे सांगते की वकिलास त्याच्या अशिलाशी किंवा अशिलाच्या कार्याशी एकरूप समजू नये. हे अठरावे तत्त्व कौटिल्याच्या दूताच्या शेजारी ठेवून वाचावे. शब्द दुसऱ्याचे आहेत, हाच विचार दोन्ही ठिकाणी आहे. बदलले ते त्याचे पालकत्व. कौटिल्याच्या दूतामागे राजा होता. हवानाच्या नियमाने निर्बल अशिलाच्या वकिलामागे शासनाला उभे केले, आणि पुष्कळदा शासनच प्रतिपक्ष असते, ही त्यातील अडचण तशीच राहिली. शिवाय ही तत्त्वे मार्गदर्शक होत, बंधनकारक नव्हेत. वकिलीच्या व्यवसायाच्या रक्षणाचा पहिला बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार युरोप परिषदेने १२ मार्च २०२५ रोजी स्वीकारला व मे महिन्यात तो सह्यांसाठी खुला केला.

भारतात १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने सनद व शिस्त यांची व्यवस्था लावली. वकिलाच्या जिवाचा विचार त्यात नाही. राजस्थानच्या विधानसभेने मार्च २०२३ मध्ये वकील-संरक्षणाचा कायदा संमत केला, कर्नाटकाचा कायदा २०२४ मध्ये अमलात आला. जानेवारी २०२४ मध्ये राहुरी येथे एका वकील दांपत्याचा खून झाला, तेव्हा महाराष्ट्रातही असा कायदा व्हावा ही मागणी जोराने पुढे आली. साक्षीदारांसाठी महाराष्ट्राने २०१७ साली कायदा केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली देशभरासाठी योजना मान्य केली. गैरव्यवहार उघडकीस आणणाऱ्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०१४ साली संमत झाला, राष्ट्रपतींची संमतीही त्यास मिळाली. अंमलबजावणीची तारीख मात्र जाहीर झाली नाही.

या कायद्यांची व्याख्याकलमे वाचताना 'वकील' शब्दाचा प्रवास पुन्हा आठवतो. राजस्थान व कर्नाटक यांचे संरक्षण सनदेच्या पटावर नाव असलेल्यास आहे. साक्षीदाराचे संरक्षण खटला उभा राहिल्यावर साक्ष देणाऱ्यास. दुसऱ्याच्या सातबाऱ्याची नक्कल काढून तक्रार नोंदविणारा मनुष्य या दोहोंत बसत नाही, आणि ज्या कायद्यात तो कदाचित बसला असता त्याची तारीख निघालेली नाही. लोणावळ्यास ऑक्टोबर २००९ मध्ये तक्रार घेऊन गेलेल्या माणसाचे नाव कोणत्याही सनदपटावर नव्हते, आणि त्याने सांगितलेल्या गोष्टींवर साक्ष देण्याची वेळ येण्यापूर्वीच तो मारला गेला.